बिग जो टर्नर : ब्लूज गायकीतील कंठस्थ परंपरा

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या गीतप्रकाराचा अभ्यास करू पाहणाऱ्यास आरंभीच एका अडचणीला तोंड द्यावे लागते. ध्वनिमुद्रिकेवर गीताचे नाव असते, कर्त्याचे नाव असते, कंपनीचा शिक्का असतो. परंतु त्या गीतातील कडवी त्यापूर्वी कित्येक वर्षे अनेकांच्या तोंडी फिरत आलेली असतात. ती कोणाची म्हणावयाची? हा प्रश्न ज्याच्या आयुष्यात अगदी ठसठशीतपणे उभा राहिला असा गायक म्हणजे जोसेफ व्हर्नन टर्नर. जग त्याला बिग जो टर्नर या नावाने ओळखते. सहा फुटांहून अधिक उंची, त्याला शोभेल असा देह आणि त्या देहाला शोभेल असा आवाज, हे त्या नावामागचे कारण होय.

त्याचा जन्म मिसूरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे 18 मे 1911 रोजी झाला. तो चार वर्षांचा असतानाच वडील रेल्वे अपघातात गेले. शाळा लवकर सुटली आणि लिहिण्यावाचण्याची विद्या त्याला अखेरपर्यंत जवळजवळ परकीच राहिली. त्याचे खरे शिक्षण चर्चमध्ये आणि रस्त्यावर झाले. रस्त्यावर गाणाऱ्या अंध गायकाला हाताला धरून फिरविण्याचे काम त्याने पोरवयात केले आणि त्या सोबतीत कडव्यांचा मोठा साठा त्याच्या स्मरणात जमा झाला. मद्यगृहांत वयाच्या अटीमुळे प्रवेश मिळेना, तेव्हा वरच्या ओठावर पेन्सिलीने मिशी रेखून तो आत शिरत असे, अशीही आठवण सांगितली जाते.

त्या काळचे कॅन्सस सिटी हे एक अजब शहर होते. देशभर 1920 ते 1933 या काळात दारूबंदी होती. पण टॉम पेंडरगास्ट या राजकीय पुढाऱ्याच्या छत्राखाली या शहरातील गुत्ते आणि जुगाराचे अड्डे रात्रभर उघडे असत. नीतीच्या दृष्टीने त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. मात्र मंदीच्या वर्षांत वादकांना तेथे काम मिळे, हे नाकारता येत नाही. अशाच एका सनसेट नावाच्या मद्यगृहात टर्नर पेले भरण्याचे काम करी आणि तेथूनच, ध्वनिवर्धकाच्या मदतीवाचून, गाणे म्हणे. पियानोवर पीट जॉन्सन असे. जॉन्सनचा डावा हात बूगी-वूगीची एकसारखी चाल धरून ठेवी आणि टर्नर कडव्यामागून कडवी ओतीत राही.

ब्लूजच्या कडव्याची घडण येथे ध्यानात घेतली पाहिजे. चार-चार मात्रांची बारा आवर्तने. त्यांत पहिली ओळ एकदा म्हणावयाची, तीच पुन्हा म्हणावयाची, आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यावयाचे. पहिली ओळ दोनदा येते, ती केवळ ठसविण्यासाठी नव्हे. गाणाऱ्याला पुढची ओळ आठवण्यास किंवा रचण्यास त्यामुळे उसंत मिळते. प्रत्येक कडवे स्वतंत्र असल्यामुळे ते कोणत्याही गीतात बसू शकते. जात्यावरच्या ओवीशी परिचित असलेल्या वाचकाला ही रीत नवी वाटणार नाही. टर्नरचे सामर्थ्य या जुळणीत होते. त्याला गीत पाठ असे, असे म्हणण्यापेक्षा त्याला गीतांचा प्रकार पाठ होता असे म्हणणे अधिक योग्य. निरक्षरता ही त्याच्या कलेतील उणीव नव्हती.

कलावंतांचा शोध घेत हिंडणाऱ्या जॉन हॅमंडने या जोडीला हेरले. 23 डिसेंबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याने कृष्णवर्णीय संगीताचा जो प्रसिद्ध कार्यक्रम घडवून आणला त्यात टर्नर व जॉन्सन यांनी भाग घेतला, आणि आठवड्याभरातच ‘रोल एम पीट’ हे त्यांचे गीत ध्वनिमुद्रित झाले. पुढे कॅफे सोसायटी या, गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसू देणाऱ्या न्यूयॉर्कच्या मनोरंजनगृहात ते गाऊ-वाजवू लागले. 1941 साली ड्यूक एलिंग्टनच्या ‘जंप फॉर जॉय’ या लॉस एंजलिसमधील संगीतिकेतही टर्नर गायला.

महायुद्धानंतर मोठे वाद्यवृंद पोसणे परवडेनासे झाले. त्यांच्या जागी सहा-आठ जणांचे ताफे आले. सॅक्सोफोनची चढी फेक, उड्या मारणारा ठेका आणि गोंगाटावर मात करणारा गायक, असे त्यांचे स्वरूप असे. यालाच जंप ब्लूज म्हणतात. लुई जॉर्डन, वायनोनी हॅरिस, रॉय ब्राउन ही त्यातील मोठी नावे. टर्नरला या शैलीसाठी वेगळे काही शिकावे लागले नाही. तो पूर्वीपासून असाच गात होता. मात्र या दशकात त्याने अनेक लहान कंपन्यांसाठी गाऊनही त्याच्या लौकिकाला स्थैर्य आले नाही.

1951 साली काउंट बेसीच्या वाद्यवृंदात जिमी रशिंगच्या जागी गाण्यासाठी तो हार्लेमच्या अपोलो नाट्यगृहात उभा राहिला, आणि तो प्रयोग साफ फसला. श्रोत्यांत अहमत एर्टेगुन होता. हा तुर्की राजदूताचा मुलगा, अटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीचा संस्थापक. जवळच्या मद्यगृहात खिन्न बसलेल्या टर्नरला त्याने गाठले व करार पुढे केला. टर्नर तेव्हा चाळिशीत पोचला होता. ‘चेन्स ऑफ लव्ह’ गाजले; 1953 सालचे, न्यू ऑर्लिन्स येथे मुद्रित झालेले ‘हनी हश’ कृष्णवर्णीयांच्या गीतांच्या यादीत अग्रस्थानी गेले. त्या गीताचे कर्तृत्व त्याने पत्नीच्या नावे नोंदविले. नवे गीत असले की मुद्रणाच्या वेळी कोणीतरी पुढची ओळ त्याच्या कानात सांगे, आणि क्षणार्धात ती त्याची होऊन बाहेर पडे.

15 फेब्रुवारी 1954 रोजी ‘शेक, रॅटल अँड रोल’ मुद्रित झाले. रचना जेसी स्टोनची, छापलेले नाव चार्ल्स कॅल्हून. पालुपदात ओरडणाऱ्यांत स्वतः स्टोन, एर्टेगुन आणि त्याचा भागीदार जेरी वेक्सलर. काही महिन्यांतच बिल हेली या गोऱ्या गायकाने ते आपल्या ताफ्यासह गायले आणि त्याच्या ध्वनिमुद्रिकेचा खप टर्नरच्या मुद्रिकेहून कितीतरी अधिक झाला. दोन्ही पाठ शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. टर्नरच्या गीतातील स्त्रीला आधी अंथरुणातून उठविले जाते. हेलीच्या गीतात ती थेट स्वयंपाकघरात धाडली जाते. वस्त्रातून आरपार येणारे ऊन हेलीकडे नाहीसे झाले आहे. सर्वांत चावट उपमा मात्र दोन्हींत शाबूत आहे. सोवळेपणा राखणाऱ्यांना ती बहुधा कळलीच नाही! शुद्धीकरणाने शब्द धुतले गेले हे खरे. पण खरी हानी लयीची झाली. टर्नर ठेक्याच्या किंचित मागे रेलून गातो, हेली ठेक्याबरोबर धावतो. त्या रेलण्यातच प्रौढ माणसाची मिस्कील समजूत होती, आणि किशोरवयीन गिऱ्हाइकाला तिची गरज नव्हती.

तथापि या दोघांत वैर नव्हते. 1957 साली ते ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर बरोबर होते. 1966 साली टर्नरचे दिवस फिरले असता हेलीने मेक्सिकोत आपला ताफा त्याच्या साथीला दिला. रॉक अँड रोलचा जनक म्हणून गौरव होऊ लागला तेव्हाही टर्नर आपल्या गाण्याला ब्लूजच समजत राहिला. 1956 सालच्या ‘बॉस ऑफ द ब्लूज’ या ध्वनिमुद्रिकेत पीट जॉन्सनला सोबत घेऊन तो कॅन्सस सिटीच्या गाण्यांकडे परतला. त्याच्या साऱ्या ध्वनिमुद्रणांत हे श्रेष्ठ ठरावे.

जॉन्सनला पुढे पक्षाघात झाला. जानेवारी 1967 मध्ये हॅमंडने कार्नेगी हॉलमध्ये जुन्या कार्यक्रमाचे स्मरण योजले, तेव्हा टर्नर या मित्राला हाताला धरून रंगमंचावर घेऊन आला. ‘रोल एम पीट’ सुरू झाले. डाव्या हाताची चाल रे ब्रायंटने धरली आणि उजव्या हाताचे स्वर जॉन्सनने वाजविले. दोन महिन्यांनी जॉन्सन वारला.

सत्तरच्या दशकात नॉर्मन ग्रँझच्या पाब्लो कंपनीने टर्नरला डिझी गिलेस्पीसारख्या वादकांबरोबर गावयास लावले. मधुमेह व सांधेदुखी यांनी ग्रासलेला टर्नर आता कुबड्यांच्या आधाराने येई आणि खुर्चीत बसून गाई. आवाज मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचे. 1983 सालच्या ‘ब्लूज ट्रेन’ या मुद्रिकेच्या निर्मात्यांपैकी एक डॉक पोमस हा गीतकार होता. टर्नरची ‘पायनी ब्राउन ब्लूज’ ही 1940 सालची ध्वनिमुद्रिका ऐकून तो पोरवयात या मार्गाला लागला होता. 24 नोव्हेंबर 1985 रोजी कॅलिफोर्नियातील इंगलवुड येथे, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी टर्नरचे निधन झाले. रॉक अँड रोलच्या सन्मान-मंडळात त्याचे नाव दाखल झाले ते 1987 साली.