सात नव्हे, तीन! छातीचे हाड मोजणारा व्हेसालियस

ठाण्यातले सिव्हिल असो वा जगातले कुठलेही रुग्णालय, डॉक्टर बरगड्या मोजतात त्या छातीच्या मधल्या हाडावरून, म्हणजे उरोस्थीवरून. तिच्या वरच्या टोकाखाली बोटाला उंचवटा लागतो. त्याच्या शेजारची बरगडी दुसरी. या हाडाची खरी रचना मांडताना आंद्रेआस व्हेसालियसला स्वतःच्या गुरूचा रोष पत्करावा लागला.

व्हेसालियसचा जन्म १५१४ साली ब्रुसेल्सचा. तेव्हा वैद्यकात तेराशे वर्षांपूर्वीच्या गॅलेनचा शब्द अखेरचा होता. उरोस्थीचे सात भाग असतात, असे गॅलेनने लिहून ठेवले होते. व्हेसालियसने तरुणपणी लूव्हेन शहराबाहेर फाशी दिलेल्या माणसाचा सांगाडा लपूनछपून घरी आणला. १५३७ मध्ये तो पदुआत प्राध्यापक झाला आणि स्वतःच्या हाताने शवविच्छेदन करू लागला. त्याच्या लक्षात आले, की गॅलेनने माकडे व इतर प्राणी कापून पाहिले होते. प्रौढ माणसाची उरोस्थी मुख्यतः तीन भागांची असते: वरचा रुंद, मधला लांब आणि खालचा टोकदार.

१५४३ मध्ये त्याचा सचित्र ग्रंथ आला, तेव्हा तो अवघा २८ वर्षांचा होता. पॅरिसमधले त्याचे गुरू सिल्व्हियस भडकले. गॅलेन चुकला नाही, पूर्वीची माणसेच धिप्पाड होती, असा त्यांचा बचाव होता. व्हेसालियस मागे हटला नाही. पुढे तो सम्राट पाचव्या चार्ल्सचा वैद्य झाला आणि १५६४ मध्ये जेरुसलेमहून परतताना झाकिंथोस बेटावर वारला.

मात्र तीन हा आकडाही सरसकट नाही. लहानपणी मधला भाग चार तुकड्यांचा असतो. ते साधारण पंचविशीपर्यंत जुळतात. ही जुळणी अपुरी राहिली तर हाडात जन्मजात छिद्र राहते. साधारण शंभरात पाच जणांत ते आढळते. त्याचा त्रास होत नाही, साध्या एक्स-रेतही ते सहसा दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये दिसते. पण त्याच्यामागे हृदय असू शकते. अस्थिमज्जा काढण्याची किंवा अ‍ॅक्युपंक्चरची सुई तिथून आत गेल्यास जिवावर बेतू शकते. असे मृत्यू नोंदले गेले आहेत. म्हणून मज्जा शक्यतो कमरेच्या हाडातून काढतात. खालचे टोक काहींत दुभंगलेले वा बाहेर वळलेले असते. हाताला लागले की गाठ समजून माणूस घाबरतो. तपासणीत अनेकदा ते हाडच निघते.

पोथीत काय लिहिले आहे यापेक्षा समोरच्या शरीरात काय आहे ते पाहावे, हा व्हेसालियसचा धडा सुई हातात घेणाऱ्या प्रत्येकाला आजही लागू आहे.