कामगारांचे काका : बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा

माझगावात, डॉकयार्ड रोड स्थानकाजवळच्या टेकडीवर एक उद्यान आहे. हिरवळीखाली पाण्याचा मोठा जलाशय आहे आणि समोर बंदर दिसते. लालबागहून तेथे पोहोचायला फार वेळ लागत नाही. आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबे मुलांना घेऊन तेथे जात असतील. मात्र ज्यांचे नाव त्या उद्यानाला दिले आहे, ते जोसेफ बॅप्टिस्टा कोण होते, हे आज किती कॅथलिक घरांत सांगितले जाते?

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी, म्हणजे संत जोसेफ यांच्या सणाच्या दोन दिवस आधी, माझगावच्या माथारपाखाडीत झाला. वडील जॉन बॅप्टिस्टा हे मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. लाकडी जिन्यांची घरे, अंगणातले क्रूस आणि एकमेकांच्या सुखदुःखाला धावून जाणारे शेजारी अशा ईस्ट इंडियन पाखाडीत त्यांचे बालपण गेले. शेजाऱ्याचे दुःख आपले मानण्याचा पहिला धडा अशा वस्तीत पुस्तकाविना मिळतो.

माझगावच्या सेंट मेरीज शाळेतील शिक्षणानंतर त्यांनी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्ययन केले. पुढे सिंध प्रांतात वन खात्यात सरकारी नोकरी मिळाली. त्या काळच्या कॅथलिक कुटुंबाला यापेक्षा अधिक काय हवे होते? परंतु ज्ञानाची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. त्यांनी इंग्लंड गाठले, केंब्रिज विद्यापीठात राज्यशास्त्राचा अभ्यास केला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. आयर्लंडच्या होमरूल चळवळीचा खोल ठसाही त्यांनी सोबत आणला होता.

येथे त्यांच्या जीवनातील कसोटीचा प्रश्न उभा राहिला. आपल्या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ईस्ट इंडियन हे नाव धारण केले होते. सरकारदरबारी आपली वेगळी ओळख असावी आणि नोकऱ्यांत आपला वाटा राहावा, हा त्यामागील हेतू होता. अशा समाजातील विलायतेहून परतलेल्या बॅरिस्टरने सरकारशी जुळवून घेऊन वकिली केली असती, तर त्यांना कोणी बोल लावला नसता. बॅप्टिस्टा यांनी मात्र लोकमान्य टिळकांची संगत धरली.

१९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली, आणि कायद्याच्या कामात त्यांना बॅप्टिस्टा यांचे साहाय्य होते. २२ जुलै रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवसापासून गिरणगावातील कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, प्रत्येक वर्षासाठी एक दिवस. लालबाग-परळच्या रस्त्यांवर सैनिक उतरले, गोळीबार झाला. पुढे १९१० साली सावरकरांवर खटला सुरू झाला, तेव्हा बचाव पक्षाच्या वकिलांतही बॅप्टिस्टा होते. आरोपी कोणत्या धर्माचा, हे त्यांनी पाहिले नाही.

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगाव येथे टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली आणि पहिल्या अध्यक्षपदी जोसेफ बॅप्टिस्टा यांची निवड झाली. एका कर्मठ हिंदू नेत्याने आपल्या चळवळीच्या शिरोभागी एका कॅथलिक बॅरिस्टरला बसवले होते! त्यासाठी बॅप्टिस्टा यांना आपली श्रद्धा लपवावी लागली नाही की सौम्य करावी लागली नाही. १९१७ साली ते लीगचे प्रतिनिधी म्हणून इंग्लंडला गेले आणि तेथील मजूर पक्षाची सहानुभूती त्यांनी मिळवली.

तथापि लालबागच्या वाचकांना त्यांची खरी ओळख गिरणीच्या फाटकाशी होते. त्या काळी कामाच्या तासांना धरबंध नव्हता. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतील पुरुषांचे काम बारा तासांवर आणले, तीही मोठी सुधारणा मानली गेली. बॅप्टिस्टा गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले, टपालवाल्यांच्या संघटनेचे त्यांनी नेतृत्व केले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली भरले. त्या संघटनेचे बॅप्टिस्टा उपाध्यक्ष झाले आणि १९२१ साली झरियाच्या कोळसा खाणींच्या मुलखात भरलेल्या दुसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९२२ साली कामाचा दिवस अकरा तासांचा व आठवडा साठ तासांचा ठरला. १९२६ साली कामगार संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली. हे एका माणसाचे यश नव्हे, परंतु त्या वाटचालीत आपल्या पाखाडीचा एक पुत्र अग्रभागी होता.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली आपल्या परिपत्रकातून न्याय्य वेतनाचा आणि कामगारांच्या संघटनेच्या हक्काचा पुरस्कार केला होता. ख्रिस्तसभेची ती शिकवण मुंबईच्या गिरण्यांपर्यंत कशी पोहोचावी? धर्मगुरू वेदीवरून उपदेश करू शकतो. परंतु न्यायालयात, सभागृहात आणि संपाच्या मंडपात ती न्यायची तर प्रापंचिकच हवा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी स्वतंत्र आदेशपत्र काढले. ते कार्य बॅप्टिस्टा यांनी कित्येक दशके आधी आपल्या व्यवसायातून करून दाखवले होते.

अनेक वर्षे नगरसेवक राहिल्यानंतर १९२५-२६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. आजचे महापौरपद ते हेच. तरीही लोकांच्या तोंडी त्यांचे नाव बॅरिस्टरसाहेब असे नव्हते, काका असे होते. मराठी घरात काका म्हणजे वडिलांच्या जागी उभा राहणारा माणूस. हिंदू असो, मुसलमान असो वा ख्रिस्ती, श्रमिकांनी त्यांना आपल्या कुटुंबात घेतले, कारण त्यांनी आपले कुटुंब पाखाडीच्या वेशीपाशी थांबू दिले नव्हते.

१९३० साली त्यांचे देहावसान झाले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत ते विसावले आहेत. त्यांच्या अंतरीची प्रार्थना परमेश्वरालाच ठाऊक. आपल्यासमोर आहे ते त्यांचे काम, आणि झाडाची ओळख फळांवरूनच होते.

आता लालबागच्या आकाशात भोंगे घुमत नाहीत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या. पण कामगार नाहीसा झालेला नाही. आपल्या इमारतीच्या दाराशी बारा तास उभा राहणारा पहारेकरी, चार घरची धुणीभांडी करणारी ताई, पाठीवर पेटी घेऊन जिने चढणारा तरुण, हे सारे आजचे गिरणगावच आहे. त्यांना आपण वेतन किती देतो, आठवड्याची सुट्टी देतो की नाही, रविवारी मिस्साहून परतल्यावर त्यांच्याशी कोणत्या शब्दांत बोलतो, येथेच आपल्या श्रद्धेची परीक्षा होते.

खमीर पिठात मिसळले तरच पीठ फुगते, डब्यात जपून ठेवले तर नाही. येत्या १ मे रोजी आपण श्रमिक संत जोसेफ यांचा सण साजरा करू, तेव्हा त्याच नावाच्या माझगावच्या या जोसेफसाठीही एक प्रार्थना करू या. आणि त्या टेकडीवरील उद्यानात मुलांना नेऊ, तेव्हा खेळ संपल्यावर फाटकापाशी क्षणभर थांबून त्यांना सांगू या, हे आपले काका होते.