एल्विस प्रेस्ली : प्रार्थनामंदिरात घडलेला आवाज

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत रॉक अँड रोल नावाचे नवे संगीत उदयास आले आणि पाहता पाहता त्याने तरुण पिढीला वेड लावले. या संगीताचे सम्राट म्हणून ओळखले गेलेले गायक म्हणजे एल्विस प्रेस्ली. त्यांच्या आवाजाची जडणघडण प्रार्थनामंदिरात झाली आणि पुढे त्याच आवाजाला अनेक धर्मनिष्ठांनी धोका मानले, ही हकीकत मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. म्हणून त्यांच्या जीवनाचा हा अल्प परिचय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

८ जानेवारी १९३५ रोजी मिसिसिपी राज्यातील ट्युपेलो येथे दोन खोल्यांच्या लहानशा घरात त्यांचा जन्म झाला. त्यांचा जुळा भाऊ मृतावस्थेतच जन्मला होता. वडील व्हर्नन आणि आई ग्लॅडिस यांचा संसार गरिबीचा होता. हे कुटुंब ‘असेंब्ली ऑफ गॉड’ या प्रॉटेस्टंट पंथाचे होते आणि तेथील उपासनेतील भक्तिगीते हीच बालवयातील एल्विस यांची पहिली संगीतशाळा ठरली. १९४८ साली हे कुटुंब मेम्फिस शहरी आले. तेथे त्यांनी कृष्णवर्णीयांचे ब्लूज संगीतही मनापासून ऐकले. १९५३ साली शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर ते काही काळ ट्रकचालक म्हणून राबले.

जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी त्यांची पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रिका तयार केली. १९५६ साली ‘हार्टब्रेक हॉटेल’ हे एकाकीपणाचे गाणे अमेरिकेच्या लोकप्रियता-यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी ‘डोन्ट बी क्रूएल’ आणि ‘हाउंड डॉग’ ही एकाच तबकडीच्या दोन बाजूंवरील गाणी ११ आठवडे अग्रस्थानी राहिली. येथे एक गोष्ट नमूद करणे न्यायाचे होईल. ‘हाउंड डॉग’ प्रथम बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने गाजविले होते, तर ‘डोन्ट बी क्रूएल’चे रचनाकार ओटिस ब्लॅकवेल हेही कृष्णवर्णीय होते. वर्णभेदाच्या त्या काळात प्रसिद्धीचा व संपत्तीचा मोठा वाटा गोऱ्या गायकाकडे गेला.

त्यांच्या रंगमंचावरील अंगविक्षेपांमुळे पालक, शिक्षक व धर्मगुरू अस्वस्थ झाले. मे १९५६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस येथे त्यांचा कार्यक्रम झाला. त्यानंतर तेथील कॅथलिक धर्मप्रांताच्या वृत्तपत्राकडून थेट एफबीआयच्या प्रमुखांना पत्र गेले आणि त्यात हा गायक देशाच्या सुरक्षिततेस धोका असल्याचे कळविण्यात आले. त्या पत्रामागील चिंता प्रामाणिक असेलही. परंतु तिने गायकाच्या हालचाली पाहिल्या, त्याचे अंतःकरण पाहिले नाही.

६ जानेवारी १९५७ रोजी एड सुलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात कॅमेऱ्याने त्यांना केवळ कंबरेपासून वर दाखविले. त्याच कार्यक्रमात त्यांनी थॉमस डॉर्सी या कृष्णवर्णीय रचनाकाराचे ‘पीस इन द व्हॅली’ हे भक्तिगीत गायिले आणि त्यांच्या वतीने हंगेरीतील निर्वासितांसाठी मदतीचे आवाहनही करण्यात आले.

१९५८ साली ते सैन्यात दाखल झाले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांची आई निवर्तली. हा आघात त्यांच्या जिव्हारी लागला. त्याच काळात त्यांच्यासोबत दोन चित्रपटांत काम करणाऱ्या अभिनेत्री डोलोरेस हार्ट यांनी १९६३ साली चित्रपटसृष्टीचा त्याग करून कनेक्टिकट राज्यातील बेनेडिक्टाइन मठात प्रवेश केला, हेही येथे स्मरणीय आहे.

एल्विस यांना स्पर्धेतून मिळालेले तीनही ग्रॅमी पुरस्कार भक्तिसंगीतासाठीच होते. १९७१ साली त्यांनी ‘मिरॅकल ऑफ द रोझरी’ हे पवित्र जपमाळेवरील गीत ध्वनिमुद्रित केले. प्रॉटेस्टंट संस्कारात वाढलेल्या गायकाने पवित्र मरियेविषयी गावे, ही आपल्याला आनंद देणारी गोष्ट आहे.

तथापि त्यांचे जीवन आदर्श होते, असे आम्ही म्हणणार नाही. १९६७ साली झालेला त्यांचा विवाह १९७३ साली घटस्फोटात संपला. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचे व्यसन जडले, शरीर खचत गेले आणि १६ ऑगस्ट १९७७ रोजी, वयाच्या अवघ्या ४२व्या वर्षी, मेम्फिस येथील ग्रेसलँड या निवासस्थानी त्यांचे निधन झाले. लाखो चाहते असलेल्या माणसाला आपले दुखणे पेलता आले नाही. लोकप्रियता अंतःकरणातील पोकळी भरून काढत नाही, हा धडा त्यांच्या अखेरीतून मिळतो.

दुसरा धडा आपल्यासाठी आहे. धर्मप्रांताच्या माध्यमातून लिहिणारे आम्हीही ला क्रॉसच्या त्या पत्राकडे अलिप्तपणे पाहू शकत नाही. आपल्या घरांतील आणि धर्मग्रामांतील मुले आज जी गाणी ऐकतात, ती आपल्याला कर्कश वाटत असतील. त्यांतील जे अयोग्य आहे ते जरूर दाखवून द्यावे; पण त्याआधी त्यांच्याजवळ बसून ती गाणी ऐकावीत. मेम्फिसच्या त्या तरुणाच्या तक्रारी करणारे पुष्कळ होते. त्याची विचारपूस करणारेही तितकेच लाभते, तर कदाचित त्याची अखेर इतकी एकाकी झाली नसती. आपल्या तरुणांना असे ऐकून घेणारे वडीलधारे लाभोत, हीच प्रभुचरणी प्रार्थना.