ती ट्यूब नव्हे, तुतारी!

बारावीला बायोलॉजी होतं ना? मग ‘फॅलोपियन ट्यूब’ची आकृती तुम्ही काढलीच असेल. मराठीत अंडनलिका. ट्यूब म्हणजे नळी, असं आपण धरून चालतो. पण ज्याच्या नावाने ती ओळखली जाते, त्याला नळी म्हणायचंच नव्हतं!

तो गॅब्रिएले फॅलोपिओ. जन्म १५२३चा, इटलीतल्या मोदेना शहरातला. घरची परिस्थिती ओढाताणीची. आधी तो चर्चच्या सेवेत होता, मग वैद्यकशास्त्राकडे वळला. फेरारा आणि पिसा इथे शिकवून १५५१मध्ये तो पादुआ विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याच्या आधी तिथे वेसेलियस शिकवून गेला होता. शरीररचनेतला तेव्हाचा सगळ्यात मोठा माणूस. फॅलोपिओ त्याला खूप मानायचा. तरीही शवविच्छेदन करताना वेसेलियसचं जे चुकलेलं दिसलं, ते त्याने १५६१च्या आपल्या पुस्तकात आदर राखून, पण स्पष्ट लिहिलं.

याच पुस्तकात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंच्या त्या वाहिन्यांचं वर्णन आहे. सुरुवातीला अरुंद, पुढे रुंद होत जाणाऱ्या. त्याला आठवली तुतारी. म्हणून त्याने लॅटिन शब्द वापरला ‘टुबा’. टुबा म्हणजे रोमन सैन्याची सरळ, तोंडाशी पसरट होणारी तुतारी. लॅटिनमध्ये नळीला वेगळा शब्द आहे, ‘टुबस’. इंग्रजीत येताना टुबाची ट्यूब झाली आणि तुतारी हरवली. फ्रेंचमध्ये मात्र आजही या अवयवाला ‘ट्रॉम्प’, म्हणजे तुतारीच म्हणतात.

एका शब्दाने काय बिघडलं, असं वाटेल. पण अंडाशय आणि ही वाहिनी सरळ जोडलेली नसतात. अंडाशयातून सुटलेलं अंडं ते झालरीचं पसरट तोंडच आत ओढून घेतं. नळी म्हटलं की नेमकं हेच डोळ्यांसमोर येत नाही. गंमत म्हणजे फॅलोपिओलाही हे काम माहीत नव्हतं. सस्तन प्राण्यांचं अंडं सापडलं ते थेट १८२७मध्ये. त्याने फक्त नीट बघितलं आणि दिसलं तसं नाव दिलं.

पुस्तक आल्यावर वर्षभरातच, १५६२मध्ये तो गेला. वयाची चाळिशीही गाठली नव्हती. पुढच्या वेळी ती आकृती काढाल, तेव्हा टोकाचं तोंड जरा मोठं काढा.