शिडाचा ताण आणि सरखेल कान्होजी

वैशाखऱ्याहून नाणेघाट चढलेल्या प्रत्येकाने माथ्यावरचा दगडी रांजण पाहिलेला असतो. घाटाने जाणाऱ्या मालाची जकात त्यात टाकत, असं सांगतात. घाटात जकात घ्यायला एक चौकी पुरते. पण समुद्रावर? तिथे ना खिंड, ना चौकी! हे काम ज्यांनी करून दाखवले ते सरखेल कान्होजी आंग्रे.

त्यांचा जन्म 1669 च्या सुमाराचा. वडील तुकोजीही शिवरायांच्या आरमारात होते. 1698 च्या सुमारास कान्होजी सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख झाले. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापाऱ्याने त्यांचे दस्तक घ्यायचे, नाहीतर जहाज जप्त. इंग्रज त्यांना चाचा म्हणत. पण घाटात जकात घेणाऱ्याला कोणी दरोडेखोर म्हणतं का?

इंग्रजांची जहाजे मोठी, दोन्ही कुशींना तोफा. आपली गुराबे आणि गलबते त्यामानाने लहान, पण उथळ तळाची. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही आणि मोठे त्रिकोणी शीड. आता मेकॅनिकलवाल्यांनी लक्ष द्यावं! शीड सैल असले की त्याला पोट सुटते. वारा मागून असेल तर ते चालते. पण वाऱ्याच्या अंगावर तिरके जायचे तर शिडाची पुढची कड ताठच हवी, नाहीतर शीड फडफडते आणि नाव बाजूला घसरते. आजचा विंडसर्फिंग करणारा तरी वेगळं काय करतो? डोलकाठीच्या बुंध्याशी पुलीतून दोर ओढतो. काठी वाकते, शीड सपाट होते, आणि जोराचा झोत आला की शिडाचा वरचा भाग उघडून जादा वारा सोडून देतो. हातातल्या दांड्याच्या टोकाकडे शीड किती ओढायचे, त्यावर खालचे पोट ठरते.

मराठा आरमाराची लढाईची रीत याच ताणावर बेतलेली होती. शत्रूच्या मागच्या बाजूने जायचे, कारण तिथे तोफा कमी. वारा पडला तर गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत. नेम डोलकाठ्यांवर आणि दोरांवर. दोर तुटले की ताण गेला, आणि ताण गेला की एवढं मोठं जहाज म्हणजे नुसता तरंगता वाडा. मग चढाई.

1714 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूला आणले. 1718 मध्ये खांदेरीवरचा इंग्रजांचा हल्ला फसला. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेव्हा बाजीराव पेशव्यांची फौज मदतीला धावली. तोही हल्ला फसला.

4 जुलै 1729 रोजी कान्होजी गेले. पुढे मुलांमध्ये वाटण्या आणि भांडणे झाली, पेशव्यांशीही बिनसले. 1756 मध्ये इंग्रज आणि पेशवे एकत्र आले आणि विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळून गेले. ज्या जहाजांना मोकळ्या वाऱ्यावर कोणी सहज गाठू शकत नव्हते, ती नांगरावर उभी असताना संपली. मुंबईत नौदलाच्या तळाला 1951 मध्ये आंग्र्यांचे नाव दिले गेले. पण शिडाचा दोर दोघांनी दोन दिशांना ओढला तर काय होते, हे मात्र विजयदुर्गाकडूनच शिकावे.