ॲग्रिकोला : खाणींत रमलेला वैद्य
सॅक्सनीतील ग्लाउखाउ येथे १४९४ साली जन्मलेला गेऑर्ग बाउअर लॅटिन ग्रंथकारांच्या रिवाजाप्रमाणे ॲग्रिकोला झाला. दोन्ही शब्दांचा अर्थ शेतकरीच. इटलीत वैद्यक शिकून तो योआखिमस्टाल या रुप्याच्या खाणींच्या गावी वैद्य म्हणून रुजू झाला आणि सवड मिळेल तेव्हा खाणींत व भट्ट्यांपाशी रमू लागला.

वीसेक वर्षांच्या या निरीक्षणातून ‘डी रे मेटॅलिका’ हा बारा भागांचा ग्रंथ उभा राहिला. त्यातील धातुपाषाण कुटण्याचे प्रकरण विशेष वाचनीय आहे. पूर्वी दगड कोरडाच कुटत, चाळत आणि जात्यात दळत. १५१२ मध्ये माल्टिट्झ याने लोखंडी टोपाच्या मुसळांखाली पाणी खेळवले; त्याचे श्रेय ॲग्रिकोलाने नावानिशी नोंदवले आहे. पुरेसे बारीक झालेले कण पाण्याबरोबर जाळीतून बाहेर पडत, जाडे मुसळाखालीच राहत. बदल यंत्रापेक्षा मांडणीचा होता आणि धातूचा उतारा तिच्यावरच ठरतो. कण जाडा राहिला, तर कथिलाचे खनिज दगडाला चिकटून टाकाऊ मालात जाते; फाजील दळला गेला, तर धुताना गाळाबरोबर वाहून जाते. आजच्या गिरण्यांनाही हा पेच सुटलेला नाही.

ग्रंथ १५५० मध्ये लिहून झाला, पण शेकडो लाकडी ठशांपायी छपाई रखडली. २१ नोव्हेंबर १५५५ रोजी ॲग्रिकोला वारला. तो कॅथलिक, केम्निट्झ शहर प्रॉटेस्टंट. ज्या शहराचे नगराध्यक्षपद त्याने भूषविले, तेथे त्याच्या दफनाला जागा मिळाली नाही. शव झाइट्झला न्यावे लागले. ग्रंथ १५५६ मध्ये बाझेल येथे प्रसिद्ध झाला.