राज्यसभेतील बाबासाहेब

यंदाच्या स्मरणिकेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, घटना समिती आणि नागपूरची धम्मदीक्षा हे प्रसंग आपल्या समाजातील लहान मुलासही मुखोद्गत आहेत. तलवाड्यासारख्या गावी राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकाने त्यांत कोणती भर घालावी? परंतु नागरिकशास्त्र शिकवीत असता एक प्रश्न आम्हांस वर्षानुवर्षे विचारला जात असे. लोकांनी निवडून दिलेली लोकसभा असता दुसरे सभागृह हवेच कशाला, असा तो प्रश्न. पाठ्यपुस्तकातील उत्तर आम्ही सांगत असू, पण ते मुलांना फारसे पटत नसे, आणि खरे बोलायचे तर आम्हांसही पटत नसे. पुढे बाबासाहेबांच्या अखेरच्या पावणेपाच वर्षांचा वृत्तान्त वाचनात आला आणि आमचे मत पालटले. म्हणून त्या वर्षांविषयीच येथे विस्ताराने लिहितो.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. विधिमंडळाचे काम त्यांना नवे नव्हते. १९२७ पासून ते मुंबई कायदे कौन्सिलचे नियुक्त सभासद होते. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेत निवडून आले व त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. नंतर ते घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री झाले. हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

त्यानंतर लगेच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांनी सुमारे चौदा हजार मतांनी बाबासाहेबांचा पराभव केला. ज्यांच्या हातून घटनेचा मसुदा सिद्ध झाला, त्यांनाच त्या घटनेनुसार झालेल्या पहिल्या लोकसभेत जागा मिळाली नाही! १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना अपयशच आले. मात्र वरिष्ठ सभागृहाचे सभासद राज्यांतील आमदार निवडतात, आणि ते प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने निवडतात. त्यामुळे अल्पमतातील गटासही एखादी जागा मिळू शकते. या मार्गाने एप्रिल १९५२ मध्ये बाबासाहेब मुंबई राज्यातून तेथे गेले. त्या सभागृहास राज्यसभा हे नाव ऑगस्ट १९५४ मध्ये मिळाले. तोवर ते कौन्सिल ऑफ स्टेट्स या नावाने ओळखले जाई. कागदोपत्री ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे होते, परंतु पाठीशी मोठा पक्ष नव्हता. त्यामुळे मते मोजण्याच्या वेळी त्यांच्या भाषणाचा उपयोग थोडा. मधुमेह व संधिवात यांनी शरीर पोखरले होते. तरीही ते बोलावयास उठले की सरकारपक्षास त्यांची दखल घ्यावीच लागे.

सप्टेंबर १९५३ मध्ये आंध्र राज्याच्या विधेयकावर ते बोलले. भाषावार राज्यांत संख्येने लहान असलेल्या जमातींना संरक्षण कोण देणार, असा त्यांचा सवाल होता, आणि त्यासाठी राज्यपालांस विशेष अधिकार असावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याच चर्चेत घटना जाळावयास आपण पहिले पुढे होऊ, असे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. हे उद्गार संदर्भ तोडून वापरणारे आजही पुष्कळ आढळतात. मार्च १९५५ मध्ये त्यांनी याच सभागृहात खुलासा केला की, देवासाठी मंदिर बांधावे आणि देवाच्या आधी दैत्याने तेथे ठाण मांडावे, तर मंदिर मोडण्यावाचून उपाय काय? पहिले उद्गार सांगणाऱ्याने हा खुलासाही सांगितला पाहिजे, असे आमचे मत आहे. ऑगस्ट १९५४ मध्ये परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी तिबेटच्या प्रश्नावरून पंचशील तत्त्वांविषयीही शंका व्यक्त केली.

परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे भाषण १६ सप्टेंबर १९५४ चे. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली होती, पण ती पाळणाऱ्यास शिक्षा देणारा देशव्यापी कायदा नव्हता. गृहमंत्री डॉ. काटजू यांच्या खात्याने तसे विधेयक आणले. बाबासाहेबांनी त्याचे नुसते स्वागत करून भागविले नाही. प्रथम त्यांनी नावासच हरकत घेतली. अस्पृश्यता, अस्पृश्यता असा घोष करण्याऐवजी हा नागरी हक्कांच्या संरक्षणाचा कायदा आहे असे नावातच का सांगू नये, असे त्यांनी विचारले. शिक्षा सौम्य असावी, असे म्हणणाऱ्यांचा त्यांनी समाचार घेतला. गुन्हा आपसांत मिटविण्याची मुभाही त्यांना मान्य नव्हती. खेड्यातील व्यवहार जाणणाऱ्यास यातील मर्म सांगावयास नको. ज्याच्या शेतावर रोजगार, ज्याच्या दुकानी उधारी, त्याच्याविरुद्ध फिर्याद देणारा गरीब मनुष्य किती दिवस टिकेल? चार प्रतिष्ठित मंडळी त्याच्या दारी बसली की तो कागदावर अंगठा उठविणारच.

त्या वेळी हे म्हणणे मान्य झाले नाही. १ जून १९५५ पासून अस्पृश्यता (अपराध) कायदा जुन्याच नावाने अमलात आला. त्यात गुन्हा मिटविण्याची तरतूद कायम राहिली आणि दंड किंवा कैद यांची किमान मर्यादाही नव्हती. १९७६ मध्ये संसदेने तो सुधारला, तेव्हा त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले, मिटविण्याची मुभा रद्द झाली आणि किमान शिक्षा ठरली. बाबासाहेब जाऊन तेव्हा वीस वर्षे होत आली होती.

ज्या हिंदू कोडासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, ते १९५५ व १९५६ मध्ये विवाह, वारसा, पालकत्व व दत्तक असे चार कायदे होऊन संमत झाले. त्यांतील पहिले तीन झाले तेव्हा ते राज्यसभेत होते, पण विधेयके मांडण्याचा मान इतरांकडे गेला.

राज्यपुनर्रचनेचा वाद चालू असता त्यांनी भाषावार राज्यांवर एक पुस्तिका लिहिली. महाराष्ट्राचे तुकडे करण्याची त्यांची सूचना आम्हांस पटत नाही, हे स्पष्टपणे नमूद करतो. परंतु निजामाने मराठवाड्याची केलेली हेळसांड, कालव्याच्या पाण्याचा अभाव आणि तालुक्याच्या गावीही हायस्कूल नसणे यांविषयी त्यांनी त्यात लिहिले. आमच्या गेवराई तालुक्यात जायकवाडीचा उजवा कालवा पुढे फार वर्षांनी आला. मराठवाड्याच्या शिक्षणाची ही तळमळ त्यांनी कागदावरच ठेवली नव्हती. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय त्यांनी १९५० मध्येच सुरू केले होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बीडसह मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्यापूर्वी अठरा दिवस, १४ ऑक्टोबरला, नागपुरास बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत अलीपूर रोडवरील निवासस्थानी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या दिवशीही ते राज्यसभेचे सभासद होते.